शिवणीची माया

गोधडी ही वस्तू आपल्याकडे पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा जागी सहसा ठेवीत नाहीत. पलंगावर नवी चादर अंथरली जाते आणि गोधडी माळ्यावर किंवा पेटीच्या तळाशी जाते. पाहुणे परतले, डिसेंबरची थंडी पडली किंवा घरात कोणी तापाने अंथरूण धरले, म्हणजे मग तिची आठवण होते. जिच्यावाचून अडते, पण जिचे नाव चारचौघांत निघत नाही, अशी ही वस्तू. तिच्याविषयी काही लिहावे असे आम्हांस कधी वाटले नव्हते. वेदीवरून पंचवीसएक वर्षे बोलत आलेल्या माणसाला विषयांची वाण पडत नाही. परंतु मागील काही वर्षांत एका अर्धवट गोधडीने आम्हांस जे शिकविले, ते कोणत्याही व्यासपीठावरून आमच्या कानी आले नव्हते. म्हणून हा प्रपंच.

आमच्या आईचे निधन २०१४ साली झाले. तिची पत्र्याची पेटी दोन वर्षे घरातच होती. पुढे घर पाडण्याची वेळ आली, तेव्हा ती आमच्याकडे धर्मगुरूंच्या निवासस्थानी आली आणि जिन्याखालच्या अंधारात पडून राहिली. ती उघडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढची हकीकत समजणार नाही, म्हणून ते सांगतो.

आम्ही तीन भावंडे. आमच्या पाठीवर एक भाऊ, त्याच्या पाठीवर बहीण. आई गेल्यानंतर जागेचा प्रश्न निघाला. वसईत ज्यांच्या वाड्या होत्या, त्यांच्यापैकी फारच थोड्या घरांत हा प्रश्न निघाला नसेल. भावाला जागा इमारतीसाठी द्यावयाची होती. त्याची दोन मुले लग्नाची झाली होती; त्यांनी राहावे कोठे, ही त्याची अडचण खरी होती. बहिणीला निदान विहीर आणि तिच्या भोवतीचा तुकडा राखावयाचा होता. तिचे म्हणणेही खोटे नव्हते. आईची अखेरची सात-आठ वर्षे तिनेच काढली होती. आम्ही काय केले? धर्मगुरूला जमीन कशाला, असे म्हणून आमचा वाटा भावाच्या नावे सोडून दिला. हक्कसोडपत्रावर सही करताना आपण त्याग करीत आहो असे आम्हांस वाटले होते. त्यात थोडा अभिमानही होता, हे आज कबूल केले पाहिजे. तीन वाट्यांपैकी दोन एका पारड्यात गेले आणि प्रश्न संपला. विहीर बुजली. बहीण त्या दिवशी एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही काही घेतले नाहीत, पण माझ्यासाठी काय ठेवलेत?"

येथे एक गोष्ट सांगावयास हवी. आमच्या गुरुदीक्षेनंतर चारचौघांत ती आम्हांस 'फादर' म्हणे, पण घराच्या उंबऱ्याआत 'दादा' आणि 'अरेतुरे'. त्या दिवसापासून उंबऱ्याआतही 'फादर' आणि 'तुम्ही' सुरू झाले. भावाशी तर तिचे बोलणेच थांबले. आम्ही तिला पत्रे लिहिली. क्षमेवर लिहिली, सलोख्यावर लिहिली, पवित्र शास्त्रातील दाखले दिले. एकाही पत्राचे उत्तर आले नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली आणि चर्चची दारे बंद झाली. रिकाम्या मंदिरात एकट्याने मिस्सा अर्पण करावयाची, आणि मग सारा दिवस समोर पडलेला. अशाच एका दुपारी जिन्याखालची पेटी आम्ही ओढून बाहेर काढली.

वर आईचे लुगडे होते. त्याखाली काठाच्या पट्टीने बांधलेला एक गठ्ठा होता, आणि त्याच्याही खाली चिंध्यांचे एक बोचके. गठ्ठा सोडला तेव्हा आत कापडाच्या शिवलेल्या चौकटी निघाल्या. प्रत्येक चौकट नऊ चौकोनी तुकड्यांची. तीन ओळी, दर ओळीत तीन. मोजल्या तेव्हा त्या एकतीस भरल्या. शेवटच्या चौकटीत सुई तशीच टोचलेली होती आणि तिच्या भोवती गंजाचा लहानसा डाग पडला होता.

गोधडी शिवण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. जुनी लुगडी एकावर एक अंथरून, कडेपासून आतवर धावदोऱ्याचे टाके घालीत जाणे, ही नेहमीची. दुसरीत वरचा थर आधी तुकड्यातुकड्यांनी जोडून घेतात आणि मग तो जुन्या लुगड्यांच्या थरांवर ठेवून टाके घालतात. ही रीत वेळखाऊ, म्हणून ती पाळण्यातल्या दुपट्यापुरती किंवा एखाद्या खास गोधडीपुरती राखलेली असते. आईची ही गोधडी त्या दुसऱ्या रीतीची होती. तिने पूर्वी शिवलेली अशीच एक जुनी गोधडी आमच्या अंथरुणात होती. तिच्या चौकटी मोजल्या: आडव्या सहा, उभ्या आठ, एकूण अठ्ठेचाळीस. म्हणजे हिच्या सतरा चौकटी व्हावयाच्या राहिल्या होत्या. बोचक्यात तुकडे होते, पुठ्ठ्याचा कडा झिजलेला एक चौकोनी साचा होता, कात्री होती. हे काम आपण पुरे करावे, असे मनाने घेतले. सेमिनरीत असताना झग्याला बटण लावण्यापुरती सुई हातात धरली होती. तेवढ्या भांडवलावर आम्ही आरंभ केला.

साचा मोजला तेव्हा बरोबर तीन इंच भरला. तो कापडावर ठेवून, पेन्सिलीने रेघ मारून, रेघेवर कात्री चालवून आम्ही छत्तीस तुकडे कापले आणि चार चौकटी शिवून काढल्या. काम सुबक झाले असे वाटले. मग आईच्या चौकटीशेजारी आमची ठेवून पाहिली. आईची नऊ इंचांची, आमची जेमतेम साडेसात! शिवाय दोन ठिकाणी हलकेच ताण देताच कडेचे धागे निसटून शिवण उघडी पडली.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. त्यानंतर आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींना त्या चार चौकटी आम्ही दाखविल्या. वेदीवरच्या वस्त्रांची डागडुजी त्या चाळीस वर्षे करीत आल्या आहेत. त्यांनी चौकट उलटी केली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "फादर, तुम्ही कापडाला माया ठेवली नाहीत."

हा शब्द आम्ही लहानपणी आईच्या तोंडून ऐकला असावा, पण अर्थासह त्या दिवशी प्रथमच ऐकला. शिवणीच्या रेघेबाहेर जे कापड राखावयाचे, त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. साचा म्हणजे कापण्याची रेघ नव्हे, ती टाक्यांची रेघ. तिच्याबाहेर चारी बाजूंना पाव इंच कापड सोडून मग कात्री लावावयाची. तीन इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेतीन इंचांचा तुकडा कापावा लागतो. दोन तुकडे सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून, कोपरे टाचणीने जुळवून, रेघेवरून बारीक धावदोरा घालावयाचा. आरंभी आणि शेवटी एखादी उलटी टीप, म्हणजे गाठ सुटत नाही. तुकडे उलगडले की समोर फक्त जोड दिसतो, माया मागच्या बाजूस दडते. मावशींनी आणखीही शिकविले. तुकडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावा, तिरपा कापला तर तो ताणतो आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही. शिवण उलगडून ठेवू नये, दोन्ही माया एकाच बाजूस आणि शक्यतो गडद तुकड्याकडे निजवाव्यात, म्हणजे फिक्या कापडातून त्यांची सावली दिसत नाही. मशीनवर का शिवू नये, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "मशीनची टीप घट्ट बसते, विरलेल्या कापडाला ती झेपत नाही. आणि चुकले तर हाताचा टाका उसवता येतो. चुकणार तर तुम्ही आहातच."

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. एका चौकटीत तीन-तीन इंचांच्या सहा शिवणी आणि नऊ-नऊ इंचांच्या दोन, म्हणजे छत्तीस इंच शिवण. इंचाला आठ टाके धरले तर पावणेतीनशेच्या वर टाके. आईने अशा एकतीस चौकटी शिवल्या होत्या.

त्या रात्री 'माया' हा शब्द मनातून जाईना. वेदान्ती ज्याला माया म्हणतात ती आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला वाचली होती. धनिकाने जमविलेली माया आम्हांस ठाऊक होती, आणि आईची माया तर कोणास ठाऊक नसते? पण शिंप्याची माया या सगळ्यांहून निराळी. ती दिसत नाही, मापात धरत नाही. पाहणाऱ्याला ते वाया गेलेले कापड वाटते. तरी जोड टिकतो तो तिच्यावरच. प्रत्येक तुकडा आपली थोडीशी कड दुसऱ्याच्या कडेला देऊन टाकतो, तेव्हाच दोहोंचे एक होते. आमच्या जागेची मोजणी इंचाइंचाने झाली होती, कागदावर तिळभर चूक नव्हती. सारे काही अगदी रेघेवर कापले गेले होते.

छत्तीस तुकडे फुकट गेले म्हणून आम्ही हळहळलो, तेव्हा मावशींनी ते टाकू दिले नाहीत. त्या चार चौकटी पक्क्या टिपेने पुन्हा शिवून त्यांनी उशी केली. रविवारच्या मिस्सेला ती आजही त्यांच्या गुडघ्यांखाली असते.

पुढील काही आठवड्यांत बोचक्यातील उरलेल्या तुकड्यांतून सहा चौकटी नीट झाल्या. हात चालू असताना मनात एक प्रश्न घोळत होता: आई नवे कापड का घेत नव्हती? गावातील शिंप्याकडे लग्नसराईत नव्या कापडाचे तुकडे ढिगाने पडत; मागितले असते तर मिळाले असते. आणि तिच्या चौकटींत तर सारे जुनेच. बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचे कापड, तिच्या स्वतःच्या तांबड्या लुगड्याचा विरलेला भाग, बहिणीच्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक. पाच-सहा तुकडे तर आमच्या पहिल्या झग्याचे निघाले. १९९०च्या सुमारास तो झगा शिवला, तेव्हा दोन वर्षांत आम्ही अंगाने भरलो आणि तो घरी परत आला होता.

या प्रश्नामुळे आम्ही थोडे वाचन केले आणि समजले की हा कारभार आपल्या वाडीपुरता नाही. गोव्याच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरच्या रानाशेजारी सिद्दी समाज राहतो. गुलाम म्हणून आफ्रिकेतून ज्यांना आणले गेले, त्यांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. तिला त्या 'कवंदी' म्हणतात. कडेला एका कोपऱ्यात आरंभ करून तुकडे बसवीत, टाके घालीत त्या फेऱ्याफेऱ्याने मध्यभागाकडे येतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी 'फुले' लावल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत. ख्रिस्ती घरातील कवंदीत कधी क्रूसही दिसतो.

याहून दूरची एक हकीकत अमेरिकेतील अलाबामा राज्याची. नदीच्या एका वळणात 'जीज बेंड' नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे पूर्वी कापसाच्या मळ्यात गुलाम होती, आणि गुलामी संपल्यावरही त्यांची गरिबी संपली नाही. फटीफटीतून वारा येणाऱ्या घरांत मुलांना ऊब मिळावी म्हणून तेथील स्त्रिया कामाच्या विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. पुढे २००२ साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची दहा तिकिटे काढली. पण आम्ही थांबलो ते निराळ्याच ठिकाणी. त्या गावच्या मिझुरी पेटवे या बाईंनी १९४२ साली, पती वारल्यानंतर, त्यांच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. पतीची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. त्यांच्या मुलीने तो पुढे सांगून ठेवला आहे. नव्या कापडाला ऊब असेल, पण त्यात माणूस नसतो. आई नवे कापड का घेत नव्हती, हे आम्हांस समजले.

समजले, परंतु हातांना उमजले नव्हते. बोचके संपले, चौकटी अकरा उरल्या. जुने कपडे मिळण्याचा एकच मार्ग होता, तो भावंडांच्या घरून जात होता, आणि तेथे जाण्याचे आम्ही टाळीत होतो. म्हणून बाजारातून एक मीटर तांबडे सुती कापड आणले. त्याचे तुकडे बाबांच्या लेंग्याच्या शेवटच्या तुकड्यांशी जोडून दोन चौकटी केल्या. या खेपेस माया नीट ठेवली होती. पेटीचा कुबट वास जावा म्हणून त्या चौकटी पाण्यात घालून पिळल्या आणि वाळत टाकल्या. संध्याकाळी पाहतो तो तांबडे तुकडे आकसलेले, त्यांच्या ओढीने शेजारचे पट्टे चुण्या पडून गोळा झालेले, आणि लेंग्याचे एक विरलेले कापड टाक्यांच्या रेघेवर सरळ फाटलेले.

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, अन्यथा ठिगळ ओढ घेते आणि फाटलेले अधिकच फाटते, हा प्रभूचा दाखला आम्ही किती रविवार वाचला असेल! त्यावर प्रवचने केली, जुना करार आणि नवा करार उलगडून सांगितला. पण कापड का फाटते, हा साधा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. मावशींना तो प्रश्नच वाटला नाही. "कोरे कापड आटते, फादर," त्या म्हणाल्या. "जुन्याचे आटायचे ते आटून झालेले असते. नव्याला आधी बुडवायचे, वाळवायचे, मग जुन्याशेजारी बसवायचे. हे पोरीबाळींनाही ठाऊक असते."

कारण खरोखरच सोपे आहे. विणताना आणि पुढे खळ-इस्त्री होताना धागे ताणून धरलेले असतात. पहिले पाणी लागले की तो ताण सुटतो आणि धागे आखडतात. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ इतके आटू शकते. दिसायला हे अल्प, पण शेजारी विरलेले वस्त्र असेल तर तेवढी ओढ पुरते. नवे कापड वाईट नसते, जुने वाईट नसते. नवे अजून पाण्यात गेलेले नसते, इतकेच.

फाटलेला लेंगा मांडीवर घेऊन बसलो असता आमची पत्रे आम्हांस आठवली. क्षमेवरची, सलोख्यावरची. शब्द कोरे करकरीत, घडी न मोडलेले. आईच्या शेवटच्या आजारात बहीण ज्या पाण्यातून गेली, त्यात आम्ही बोटही बुडविले नव्हते. रविवारी दुपारी यावे, आशीर्वाद द्यावा, जेवावे आणि सायंकाळच्या मिस्सेपूर्वी निघावे, एवढाच आमचा वाटा. आणि त्या विरलेल्या वस्त्राला आम्ही आमच्या उपदेशाचे ठिगळ लावीत होतो.

डिसेंबर २०२१मध्ये एक रिकामी कापडी पिशवी घेऊन आम्ही बहिणीच्या घरी गेलो. या वेळी सांगावयास काही नेले नव्हते. आईची गोधडी अर्धी राहिली आहे, अकरा चौकटी उरल्या आहेत, जुने कपडे हवे आहेत, एवढेच बोललो. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी तिला विचारावयास हवे होते, तेही बोललो. तिने पहिल्या वाक्याचे उत्तर दिले, दुसऱ्याचे दिले नाही. चौकटी आणल्या आहेत का, असे तिने विचारले. आणल्या होत्या. तिने त्या ओटीवर मांडल्या आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवीत गेली. हा कुठला, तो कुठला, कोणत्या सणाचा, हे तिला तोंडपाठ होते. शेवटच्या काही चौकटींवर मात्र ती थांबली. तेथे टाके मोठे आणि वाकडे झाले होते.

"आईला दिसत नव्हते तेव्हाच्या या," ती म्हणाली. "मोतीबिंदू होता ना. मी रोज संध्याकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती त्या संपवायची."

आम्हांस हे ठाऊक नव्हते. आईने एकटीने शिवलेली गोधडी आपण एकट्याने पुरी करीत आहो, अशा समजुतीत आम्ही वर्षभर होतो. तिच्या प्रत्येक टाक्यात बहिणीने ओवलेला दोरा होता.

भावाकडे जाणे त्याहून अवघड गेले. तो त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. आम्ही कपडे मागताच तो थोडा वेळ गप्प राहिला, मग आतून एक चौकड्यांचा सदरा घेऊन आला. नोकरी लागली त्या वर्षी आईने घेऊन दिलेला. "कापणार ना?" त्याने विचारले. आम्ही होय म्हटले. त्याने सदरा एकदा उलगडला, पुन्हा घडी केली आणि पिशवीत ठेवला. गोधडी कोण शिवणार, हे त्याने विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

२०२२ सालच्या जानेवारीपासून बहीण एक गुरुवार सोडून दुपारी येऊ लागली. आम्ही रेघा मारावयाच्या आणि कापावयाचे, तिने शिवावयाचे. पुढे आम्हीही शिवू लागलो. बोलणे कापडापुरतेच असे. सुई ओवताना आमचा हात कापू लागला, तेव्हा तिने न बोलता ती आमच्याकडून घेतली, ओवली आणि परत दिली. मे महिन्यात एकदा आम्ही मायेकडे दुर्लक्ष करून कात्री चालविली, तेव्हा ती एकदम म्हणाली, "अरे दादा, बघ ना जरा, पाव इंच सोड!" आणि पुन्हा खाली मान घालून शिवू लागली. आपण काय म्हणालो हे तिच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे. आम्ही ते ध्यानात आणून दिले नाही.

चौकटी पुऱ्या झाल्या. पेटीतले आईचे लुगडे अस्तराला घेतले, मध्ये बहिणीच्या दोन जुन्या साड्या घातल्या, आणि मावशींच्या देखरेखीखाली टाके पडले. आईच्या वार्षिक मिस्सेच्या दिवशी, त्या डिसेंबरात, गोधडी आमच्या निवासस्थानी खाटेवर पसरलेली होती. भाऊ आला. त्याने आपला सदरा ओळखला. जेथे त्याच्या सदऱ्याचा तुकडा बहिणीच्या फ्रॉकशेजारी बसला होता, त्या जागेवर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "टाके चांगले पडलेत." बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "कापड चांगले होते." सहा वर्षांत त्या दोघांत झालेले हे पहिले बोलणे. जागेचा विषय निघाला नाही. विहीर बुजली आहे, ती बुजलेलीच आहे. आमची सही कागदावर आहे, ती तशीच राहील. वाचकांनी याहून अधिक काही झाले असे समजू नये. एवढे मात्र खरे की आता ती दोघे आईच्या वार्षिकाला एकाच बाकावर बसतात, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पूर्वी ती जागा पाहिली की आम्हांस वाईट वाटे. हल्ली वाटते, तेवढी माया असू द्यावी.

ही गोधडी हिवाळ्यात बहिणीकडे असते. जुनी कापडेच ती, दर वर्षी कोठे ना कोठे विरतात. गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला की बाबांच्या लेंग्याचा आणखी एक तुकडा गेला आहे आणि ठिगळाला काही मिळेल का. जुने कापड आता कोणाकडेच उरलेले नाही. आम्ही बाजारातून पट्ट्यापट्ट्यांचे थोडे नवे कापड आणले आहे, आणि ते कालपासून बादलीत बुडवून ठेवले आहे.